मातीमोल

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की पुणे, ठाणे, नाशिक या शहरांच्या हमरस्त्यांलगत रोपवाटिकांपुढे पोत्यांच्या थप्प्या दिसू लागतात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरलेली तांबडी माती, शेजारी शेणखत आणि गांडूळखत, त्याही पलीकडे कोकोपीटच्या दाबलेल्या विटा. गाडी थांबवून उतरलेले दांपत्य गुलाबाचे रोप बारकाईने पारखते, फुटवे पाहते, कळ्या मोजते, दहा रुपयांसाठी घासाघीस करते. मातीच्या पोत्याकडे मात्र कोणी वाकूनही पाहत नाही. ‘चार पोती डिकीत टाका,’ एवढे म्हटले की व्यवहार पुरा होतो. हीच गृहिणी तांदूळ घेताना आंबेमोहोर कुठला आहे हे विचारते. हाच गृहस्थ हापूसची पेटी देवगडची की परप्रांतातली, यावर फळवाल्याशी पाऊण तास वाद घालतो. माती कुठली, हा प्रश्न मात्र त्यांच्या ओठांवर येत नाही.

मराठीत ‘मातीमोल’ हा शब्द कवडीमोलाचा सख्खा भाऊ आहे. ज्याला काही किंमतच उरली नाही ते मातीमोल. हा शब्द घडला तेव्हा माती विकत घेण्याची कल्पना कोणाच्या स्वप्नातही नसावी. परसदारी खुरपे मारले की माती हाती लागे. तुळशीवृंदावनाला, शेणाने सारवायच्या ओट्याला, पोरांच्या किल्ल्यांना, बैलपोळ्याच्या बैलांना, सगळ्यांना पुरून उरे. आज संकेतस्थळावरून मागवलेल्या, रंगीत पिशवीतल्या तयार मिश्रणाचा किलोमागचा भाव काढून पाहावा. कित्येकदा तो ज्वारीच्या भावाच्या आसपास जातो. ज्या मातीत ज्वारी पिकते ती माती आणि ज्वारी एका भावाने विकली जाऊ लागली, पण भाषेतला शब्द अजून जुन्याच अर्थाने चालला आहे. आणि शब्दाबरोबर वृत्तीही.

या मातीचा उगम शोधू गेल्यास उत्तरे फार नाहीत. कोठे इमारतीच्या पायासाठी खणलेला खड्डा, कोठे नगराच्या कडेची पोखरलेली टेकडी, कोठे तळ्याचा किंवा नदीकाठचा पोयटा. आणि कोठे, हे सर्वात क्लेशदायक, शहराच्या वेशीवरचे एखादे शेत. त्या शेताचा आज ना उद्या अकृषिक भूखंड होणारच असतो. मालकाला मुलीच्या लग्नाची नड असते, सोसायटीचे कर्ज थकलेले असते. वरची वीतभर माती कोणी उचलून नेतो म्हणाला, तर तो नाही म्हणत नाही. त्याला दोष देण्याचा अधिकार पोते विकत घेणाऱ्याला तर मुळीच नाही.

वीतभर माती म्हणजे किती, याचा हिशेब कृषिशास्त्राने केव्हाच मांडून ठेवला आहे. नांगराचा फाळ ज्या थरात फिरतो तो साधारण सहा इंचांचा. एका एकरातल्या या सहा इंची थराचे वजन सुमारे नऊ लाख किलो भरते. दुसऱ्या बाजूला सदनिकेतला सज्जा घ्यावा. मध्यम आकाराच्या वीस कुंड्या निव्वळ मातीने भरायच्या तर साडेतीनशे किलो माती सहज लागते. म्हणजे अडीच हजार सदनिकांनी एकदा आपापल्या कुंड्या भरल्या की एका एकराची अख्खी नांगरट उचलली गेली. अडीच हजार सदनिकांची संकुले आता महानगरांच्या उपनगरांत नवलाची राहिलेली नाहीत. दख्खनच्या पठारावर माळरानाची जमीन मुळातच उथळ. हात-दीड हात खाली गेले की मुरूम लागतो आणि मुरुमाखाली कातळ. तिथला वरचा थर गेला की खाली दुसरा थर वाट पाहत बसलेला नसतो. कातळ झिजून त्याची इंचभर कसदार माती व्हायला शतकानुशतके लागतात. माणसाच्या पिढ्यांच्या हिशेबात ती परत येत नाही, असेच म्हटले पाहिजे.

कायद्याचे या मातीशी असलेले नाते मोठे विचित्र आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये गौण खनिजांच्या विनापरवाना उत्खननाला दंड सांगितला आहे. भरावासाठी व सपाटीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या मातीलाही २००० साली केंद्र सरकारने गौण खनिजांत आणून बसवले. पुढे पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, माती कशासाठी वापरली जाते यावर ती गौण खनिज ठरते की नाही हे अवलंबून आहे. न्यायदृष्ट्या हे योग्यच. पण यातून दिसते ते एवढेच की, कायद्याच्या नजरेत माती आहे ती रस्त्याखालचा आणि इमारतीखालचा भराव म्हणून. अन्न पिकवणारा सजीव थर म्हणून तिची नोंद त्या चौकटीत कोठे होत नाही.

आणि विरोधाभास असा की, ज्या राज्यात शेतातली माती पोत्यांतून शहरात येते, त्याच राज्यात माती परत शेतात नेण्यासाठी सरकारला योजना आखावी लागते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना महाराष्ट्रात २०१७ साली सुरू झाली. पावसाने धुऊन नेलेली, धरणा-तलावांत साचलेली माती उपसून शेतकऱ्याने आपल्या रानात पसरावी, ही त्यामागची कल्पना. देशातील मातीच्या धुपेचा जो अंदाज १९८३ साली आपल्या मृदाशास्त्रज्ञांनी मांडला आणि जो पुढे वर्षानुवर्षे आधार मानला गेला, तो दर वर्षी ५३३ कोटी टनांचा होता. त्यातला सुमारे २९ टक्के भाग समुद्रात कायमचा जातो आणि १० टक्के जलाशयांत साचतो, असे त्यात म्हटले होते. उन्हाळ्याच्या भर उन्हात गाळाचा एकेक ट्रॅक्टर रानात ओतून घेणाऱ्या शेतकऱ्याला मातीमोल शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मग शहरातल्या माणसाने सज्ज्यात तुळसही लावू नये की काय? असा टोकाचा निष्कर्ष कोणी काढील तर तो आततायीपणा ठरेल. ज्याला परसदार नाही, अंगण नाही, ज्याच्या मुलांनी भुईमुगाची शेंग जमिनीखाली लागते हे केवळ पुस्तकात वाचले आहे, त्याच्या घरी चार कुंड्या असणे ही चैन नव्हे. मिरचीला आलेले पहिले पांढरे फूल घरातली तीन माणसे जिथे दिवसातून चार वेळा जाऊन पाहतात, त्या घरात काहीतरी चांगले घडत असते. पहिल्या कुंड्यांसाठी माती कोठून तरी आणावीच लागणार. आक्षेप त्या पहिल्या पोत्याला नाही. तो दर वर्षी येणाऱ्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि दहाव्या पोत्याला आहे.

पहिले पोते घ्यायचे तर निदान डोळसपणे घ्यावे. ‘लाल माती’ नावाने जे विकले जाते त्यातली चांगली माती ही जांभ्या दगडापासून झालेली. रंग लोहाचा. ती पाण्याचा निचरा बरा करते, पण स्वभावाने आम्लधर्मी असते, तिच्यात नत्र बेताचे आणि स्फुरद असले तरी ते झाडाला सहजी सोडत नाही. म्हणजे तिला भरपूर सेंद्रिय खताची जोड हवीच. देशावरची काळी माती याच्या उलट. कसदार खरी, पण कुंडीत ती फुगते, चिकटते, पाणी धरून बसते आणि सुकली की तिला भेगा पडून कुंडीच्या कडेपासून सुटते. शेतात हीच भेग तिच्या गुणाचा भाग आहे. कुंडीत तीच मुळे तोडते. म्हणून काळी माती एकटी वापरू नये. रंगावरून भुलण्यातही अर्थ नाही. पोते उघडून मूठभर माती हातात घ्यावी, किंचित ओली करून दाबावी. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोटाने टोचताच तो फुटला, तर माती बरी. चिकट लाडू झाला तर चिकण जास्त आहे. गोळा झालाच नाही तर ती रेती किंवा मुरूम. वास घ्यावा. जिवंत मातीला पहिल्या पावसाचा वास असतो, मेलेल्या मातीला वासच नसतो. विटांचे, गिलाव्याचे तुकडे निघाले तर ते पोते पाडलेल्या इमारतीचे आहे असे समजून दुकानदाराला परत करावे. लव्हाळ्याच्या काळ्या गाठी दिसल्या तरीही परत करावे, कारण ती एक गाठ वर्षभर पुरते आणि मालकाला पुरून उरते. गाजरगवताचे बीजही असेच मातीबरोबर प्रवास करते. परदेशी धान्याबरोबर आलेले हे गवत पन्नासच्या दशकाच्या मध्यास पुण्यात प्रथम ध्यानात आले आणि पुढे त्याने देश व्यापला, हे येथे आठवावे.

वजनाचा विचार तर बहुधा कोणी करतच नाही. भारतीय मानकांनुसार माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार गृहीत धरतात. ओल्या मातीचा नऊ इंची वाफा चौरस मीटरला चारशे किलोंच्या घरात जातो. गच्चीवर थेट मातीचे वाफे घालून भाजीपाला पिकवण्याचा उत्साह स्तुत्य असला तरी जुन्या इमारतीत स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय तो दाखवू नये. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छताला आलेली ओल हा विषय तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला वर्षभर पुरतो.

दुकानातली ‘तयार मिश्रणे’ या सगळ्यातून सुटका करतात असे भासवले जाते. ती हलकी असतात हे खरे. नारळाच्या काथ्याचा भुसा म्हणजे कोकोपीट. तो केरळ-तामिळनाडूकडून येतो, पाणी उत्तम धरतो, पण त्यात अन्न जवळजवळ नसते आणि क्षार धुऊन काढलेले नसले तर कोवळे रोप करपते. काही महागड्या पिशव्यांत पीट मॉस असते. ते शीत प्रदेशांतल्या दलदलींत हजारो वर्षे साचत गेलेले शेवाळ. डोंबिवलीच्या सज्ज्यातल्या कोथिंबिरीसाठी समुद्रापलीकडची दलदल उपसायची, आणि खाली सोसायटीच्या आवारात पडलेला पालापाचोळा मात्र झाडूवाल्याने पेटवून द्यायचा, याला काय म्हणावे?

खरा प्रश्न जुन्या मातीचा आहे. रोप मेले की कुंडी उपडी करून माती कचऱ्याच्या डब्यात, नाहीतर इमारतीच्या मागच्या गटारात टाकून देणे हा शहरी घरांचा सर्रास प्रघात आहे. ‘माती खराब झाली’ असे कारण सांगितले जाते. माती खराब होत नाही, ती दमते. तिच्यातले सेंद्रिय द्रव्य संपते, ती घट्ट बसते, मुळ्यांचे जाळे कुंडीभर होते, इतकेच. वैशाखात ती जुन्या चादरीवर पसरून आठ-दहा दिवस कडक ऊन द्यावे, ढेकळे फोडावीत, मुळ्या वेगळ्या करून बारीक तोडाव्यात, तिच्या निम्मे कंपोस्ट आणि मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून ती ओलसर ठेवावी. मृगापर्यंत ती पुन्हा कामाला तयार होते. शेतकरी दर उन्हाळ्यात जमीन नांगरून तापवतो ते याहून वेगळे काय करतो? तो जमीन जुनी झाली म्हणून दुसरी विकत आणत नाही. माती ही भांडवलासारखी आहे, वापरून फेकायच्या वस्तूसारखी नाही, हे ज्ञान शेतकऱ्याच्या घरातून शहरात आलेल्या दुसऱ्या पिढीत कोठे हरवले, हा विचार करण्याजोगा विषय आहे.

महाराष्ट्रात हा विचार करणारी माणसे झाली नाहीत असे नाही. कोल्हापूरचे प्रा. श्रीपाद दाभोलकर मूळचे गणिताचे अध्यापक. ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून त्यांनी सामान्य शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात प्रयोग करायला शिकवले. काडीकचरा, पाने, मुळे यांपासून शेतावरच माती घडवता येते, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता. मुंबईत वांद्र्याला राहणारे डॉ. रमेश दोशी यांनी तोच धागा गच्चीवर नेला. उसाची चिपाडे, सुका पाला आणि स्वयंपाकघरातला कचरा पिंपांत आणि पिशव्यांत भरून त्यांनी भाज्या आणि फळे घेतली. मातीचा वापर नाममात्र. त्यांच्या प्रेरणेने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभी बाग उभी केली. हजारो कामगारांच्या जेवणातून उरणारी भाजीची देठे आणि साली ज्या इमारतीतून रोज कचरागाडीत जात होत्या, त्याच इमारतीच्या डोक्यावर त्यांची माती झाली. मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बजवाडा येथे दीपक सचदे यांनी दाभोलकरांचाच विचार पुढे नेऊन ‘अमृत मिट्टी’ची पद्धत बसवली. गोमूत्र, शेण आणि थोडा गूळ घातलेल्या पाण्यात सुका काडीकचरा भिजवायचा, थोडीशी माती शिंपडत त्याचे थर रचायचे, त्यावर नाना प्रकारचे बी पेरून उगवलेली कोवळी हिरवळ ठरावीक दिवसांनी कापून त्याच ढिगात मिसळत राहायचे. साडेचार महिन्यांच्या आसपास काळी, भुसभुशीत, सुगंधी माती हाती येते. शतके हवीत ती कातळाची माती व्हायला. झाडाने एकदा घडवलेल्या द्रव्याची माती व्हायला काही महिने पुरतात, हा यातला मर्म.

येथे एक खुलासा हवा, कारण उत्साही मंडळी तो करीत नाहीत. निव्वळ कंपोस्ट म्हणजे माती नव्हे. केवळ कंपोस्टने भरलेली कुंडी वर्षभरात निम्मी खाली बसते, आणि मातीतली खनिजे त्यात पुरेशी नसतात. म्हणून एक भाग माती, एक भाग कंपोस्ट आणि एक भाग सुका पाला किंवा कोकोपीट हे मिश्रण बरे. साडेतीनशे किलोंच्या जागी मग शंभर-सव्वाशे किलो मातीत काम भागते, आणि पुढची भर दर वर्षी घरातूनच पडते. चौघांच्या कुटुंबात रोज अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. त्याचे कंपोस्ट वजनाने पाचवा हिस्सा उरले तरी वर्षाकाठी दोन-तीन पोती सहज होते. म्हणजे जेवढी पोती गाडीच्या डिकीत येतात, जवळपास तेवढीच पोती रोज थोडी थोडी करून कचरागाडीतून बाहेर जात असतात.

अडचणी आहेतच. वास येतो, चिलटे होतात, शेजारी नाक मुरडतात. पण वास येतो तो ओलावा जास्त झाल्याने. सुका पाला पुरेसा घातला आणि डब्याला भोके असली की तो जातो. मिश्रण ‘वाफशा’वर असावे, म्हणजे हाताला ओल जाणवावी पण पिळून थेंब पडू नये. हा वाफसा शब्द शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला शिकवावा लागत नसे. सुक्या पाल्यासाठी शिशिरात आवारातल्या झाडांखाली एक जाळीचा हौद पुरतो. उघड्यावर कचरा जाळण्यास २०१६ च्या घनकचरा नियमांनी मनाई केली होती, आणि पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या संकुलांवर शक्य तिथे ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली होती. किती संकुलांनी तो जिरवला आणि किती ठिकाणी यंत्र आणून, फीत कापून, छायाचित्र काढून ते जिन्याखाली झाकून ठेवले, हे ज्याने त्याने आपल्या आवारात पाहावे. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला जाऊन पडत आला. जवळजवळ शंभर वर्षांची ती भाजीची देठे, केळीच्या साली आणि निर्माल्याची फुले प्लॅस्टिकमध्ये गुदमरून डोंगर झाली, माती झाली नाहीत.

आपल्याकडे अथर्ववेदाच्या बाराव्या कांडात भूमीसाठी त्रेसष्ट मंत्रांचे सूक्त आहे. सकाळी जमिनीवर पाऊल ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याची रीत अजून अनेक घरांत पाळली जाते. घटस्थापनेला तर माती हेच पूजेचे द्रव्य. परडीत किंवा पत्रावळीवर शेतातली माती पसरून, मध्ये घट ठेवून, सभोवती धान्य पेरतात. नऊ दिवस घरातले सगळे त्या कोंबांची उंची पाहतात. दादरच्या बाजारात त्या सुमारास लहान लहान पिशव्यांतून ही मातीही विकायला येते, परडी आणि धान्यासह. दसऱ्याला काही कोंब टोपीत, केसांत खोवले जातात. उरलेली माती, धान्याच्या पांढऱ्या मुळ्यांनी गच्च विणलेली, दुसऱ्या दिवशी निर्माल्याच्या पिशवीत बांधून पुलावरून खाडीत सोडून दिली जाते. तुळशीची कुंडी तेव्हा सज्ज्यातच असते, आणि पावसाळाभर धुपून तिची माती काठापासून चार बोटे खाली गेलेली असते.